इलास्टिकचं ब्रेसलेट की गाठवलेला सर?

कुठले खडे एकत्र घालायचे हे ठरलं, की ते ओवायचे कशात हा प्रश्न उरतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. ॲमेथिस्ट मन शांत करतो, अकीक धीर देतो, चंद्रकांत म्हणजे मूनस्टोन हळवेपणा सांभाळतो, एवढं सांगून सगळे मोकळे होतात. ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी दोन्ही प्रकार वापरलेत. अकरा महिने इलास्टिकचं ब्रेसलेट, आणि त्यानंतर आजतागायत, म्हणजे दीडेक वर्ष, पटव्याकडून, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून गाठवणाऱ्या कारागिराकडून, गाठवून घेतलेला मनगटाचा सर. मणी बरेचसे तेच, हात तोच, आणि संकल्पही तोच: ऑफिसात कुणावर चिडायचं नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कारखान्याचे हिशेब बघतो. मार्च महिना आणि जीएसटीच्या तारखा आल्या की माझा आवाज शेजारच्या केबिनपर्यंत जातो, असं शेजारच्या केबिनचं म्हणणं आहे.

दगडात शक्ती असते का, या वादात मी पडत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ च्या सुमारास काही लोकांच्या हातात खरे स्फटिक दिले होते, काहींच्या हातात नकली. जाणवलं ते दोन्हीकडे सारखंच. माझं त्यावाचून काही अडलं नाही. आमची आजी काही विसरायचं नसलं की पदराला गाठ मारायची, पदरात शक्ती आहे असं तिनं कधी म्हटलं नाही. मला मनगटावर तशी गाठच हवी होती, फक्त दिसायला बरी.

इलास्टिकची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. आपलं आपल्याला घालता येतं, एका हातानं, अंधारात, लिफ्टमध्ये. नळाखाली धुता येतं. दोन मणी काढून दुसरे घालायचे तर रात्री टीव्हीसमोर बसून होतं. खड्यांची जुळणी अजून ठरत नसेल, या महिन्यात अकीक आणि पुढच्या महिन्यात लाजवर्द असं चाललं असेल, तर सरळ इलास्टिक घ्या आणि हे पुढचं वाचूही नका. माझं साडेचारशेला आलं होतं. आठ मिलिमीटरचे बावीस मणी: आठ जांभळे म्हणजे ॲमेथिस्ट, सात चंद्रकांत, सात अकीक. गाठीवर गोंदाचा थेंब, आणि गाठ एका मण्याच्या पोटात लपवलेली.

चार महिन्यांत ते ढिलं पडलं. त्याचं मला काही वाटलं नाही, दोरा बदलून मिळतो. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती सांगताना मला थोडा संकोच होतो.

माझ्या मनगटावर केस आहेत. बऱ्यापैकी आहेत. इलास्टिक ताणलं की दोन मण्यांच्या मध्ये फट पडते, सोडलं की फट मिटते, आणि मिटताना त्या फटीत जे काही असेल ते धरून ठेवते. स्कूटरची मूठ पिळली की एक केस. लेजर खाली ओढायला हात लांब केला की एक केस. दुखतं म्हणावं इतकं दुखत नाही, पण डास चावल्यासारखा माणूस चमकतो. सकाळी दांडिया बाजारातून निघून सूरसागरच्या कडेनं पुढे जाईपर्यंत मी तीनदा ‘अरे!’ म्हटलेलं असायचं, आणि ऑफिसात पोचायच्या आधीच माझी भुवई वर गेलेली असायची. न चिडायचा संकल्प करून हाताला बांधलेली वस्तू दिवसातून वीस वेळा मला चिडवत होती. एकदा तर एका पुरवठादाराशी फोनवर फार समजुतीनं बोलत असताना तिनं केस ओढला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते त्याला वाटलं त्याच्यासाठी होतं. त्याची समजूत काढायला दोन दिवस गेले.

ज्यांच्या मनगटावर केस नाहीत त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पण पुढचा सोडू नये.

दोरा बदलायला म्हणून ते ब्रेसलेट उसवलं तेव्हा मणी एकेक करून बशीत ठेवले आणि सहज भिंगाखाली बघितले. जांभळ्या मण्यांना काही झालेलं नव्हतं. अकीकही तुकतुकीत. चंद्रकांताच्या मण्यांच्या भोकाभोवती मात्र धुरकट कडं आलं होतं, काचेवर श्वास सोडल्यासारखं. सगळ्यांना नाही. दोन्हीकडून जांभळा किंवा अकीक शेजारी होता त्यांना जास्त, चंद्रकांतालाच चंद्रकांत लागून होता त्यांना अगदी थोडं. इलास्टिकवर मणी सारखे एकमेकांवर फिरत असतात. मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर (आकडा जितका मोठा तितका खडा कठीण) ॲमेथिस्ट आणि अकीक सातच्या घरात, चंद्रकांत सहा ते साडेसहा. फरक कागदावर एवढासा आहे. अकरा महिने रोज घासला की तो डोळ्यांना दिसतो.

खड्यांचं शत्रुत्व आपल्याकडे नवरत्नांत सांगतात, नीलम आणि माणिक एका हातात नको वगैरे. ज्योतिषी मानणारे मानतील. क्रिस्टलवाल्यांचीही तशीच यादी असते, अकीक उष्ण आणि ॲमेथिस्ट शीत म्हणून जोडी जमत नाही असं मला एका प्रदर्शनात बजावून सांगितलं गेलं. त्यात ज्याचं त्यानं बघावं. पण कठीणपणाचं शत्रुत्व हे मताचं नाही. फ्लोराइट चार, मोती अडीच ते साडेचार, पोवळं साडेतीनच्या आसपास, फिरोजा पाच-सहा. यांतलं काहीही स्फटिकाच्या शेजारी इलास्टिकवर घातलंत तर मऊ खडा झिजणारच. मोती तर अत्तर आणि घामानंही उतरतो. आणि सेलेनाइट, जो बाकीच्या खड्यांची ‘शुद्धी’ करतो म्हणून विकतात, तो कठीणपणात दोन, नखानं ओरखडतो, आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलात तर सकाळी पृष्ठभाग खरबरीत झालेला सापडेल. दागिन्यात तो नकोच.

आता गाठवलेला सर.

आमच्याकडे मांडवीच्या आतल्या बाजूला अजून पटवे बसतात. मंगळसूत्रं, बाजूबंद, जुन्या मोहनमाळा गाठवून देणं हे त्यांचं काम. क्रिस्टल वगैरे शब्द मी तिथे उच्चारलाच नाही. बशीतले मणी कागदाच्या पुडीत बांधून नेले आणि ‘मनगटाला, प्रत्येक मण्यानंतर गाठ’ एवढंच सांगितलं. त्यानं पुडी उघडली, मणी तळहातावर घेऊन हलवले, चंद्रकांत बाजूला काढला आणि न विचारताच म्हणाला, ‘आ पोचो छे.’ हा मऊ आहे. भिंग नाही, मोजपट्टी नाही. मग दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून कामाला लागला. मणी सरकवायचा, सैल गाठ घ्यायची, गाठीत सुई घालून ती गाठ मण्याच्या पोटाशी ढकलत न्यायची आणि शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यायची. सुई निघते त्या क्षणी गाठ जिथे बसायची तिथेच बसते. मी अठरा गाठी मोजल्या. एकही मणी दुसऱ्याला टेकत नव्हता.

हेच ते कारण. मणी टेकत नाहीत म्हणून घासत नाहीत, सर ताणला जात नाही म्हणून फट उघडमीट करत नाही, आणि फट उघडमीट करत नाही म्हणून माझे केस माझ्या हातावर राहतात. गाठींमुळे मणी कमी लागतात, बावीसच्या जागी अठरा पुरले. धुरकट चार चंद्रकांत तिथेच गाळले.

त्रास आहेत, लपवत नाही. पहिल्यांदा पांढरं रेशीम घेतलं, ही चूक माझीच. बडोद्याच्या मे महिन्यात महिनाभरात ते चहाच्या रंगाचं झालं. दुसऱ्यांदा मरून रंगाचा नायलॉनचा दोरा घेतला, तो अजून टिकून आहे. रेशीम घालायचंच असेल तर आंघोळीआधी काढा, भिजवू नका, वर्ष-सव्वा वर्षानं पुन्हा गाठवून घ्या. धुवायच्या बाबतीत इलास्टिक सरळसरळ पुढे आहे. पौर्णिमेला पाण्यात ठेवणारे असाल तर ती सवय सोडावी लागेल. नुसतं चांदण्यात ठेवायला कुणाची ना नाही. उन्हात मात्र ॲमेथिस्ट ठेवू नका, दोऱ्यातही नाही आणि इलास्टिकमध्येही नाही, रंग उतरतो. बाजारात सिट्रीन म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा तापवलेला ॲमेथिस्टच असतो, ही आणखी एक गोष्ट.

आणि हूक. चांदीचा छोटा हूक एका हातानं लागत नाही. मी दातानं लावून बघितला. शेवटी रोज सकाळी बायकोपुढे हात करावा लागतो. ती चष्मा कपाळावर ढकलते, हूक लावते आणि विचारते, ‘आज कोणाकोणावर चिडायचं नाहीये?’ मग मला नावं घ्यावी लागतात. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि एकटं राहणाऱ्याला याचा उपयोग नाही हेही मान्य. पण पूजेतला संकल्प जसा तोंडानं म्हणावा लागतो, पळीभर पाणी सोडावं लागतं, तसं काहीसं त्यातून आपोआप झालं. इलास्टिक मी नुसतं चढवायचो.

खर्चाचं म्हणाल तर गाठवणावळ मला दीडशे पडली, हूक वेगळा. मणी चांगले हवे असतील तर खंभातला एक फेरी मारा. इथून वासद-बोरसदवरून ऐंशीएक किलोमीटर. रतनपूरच्या खाणींतला अकीक तिथे वाळवून, भट्टीत भाजून लाल करतात, लोहामुळे तो रंग येतो. हे काम त्या भागात हडप्पा काळापासून चालत आलं आहे, लोथलला मण्यांचा कारखानाच सापडला होता. जुन्या पद्धतीत हिऱ्याचं टोक बसवलेल्या सामत्यानं, म्हणजे हातगिरमिटानं, दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणतात, त्यामुळे आत मध्यावर कधी कधी पायरी राहते. घेताना साधा सुती दोरा भोकातून दहा-बारा वेळा मागेपुढे ओढून बघा. पिंजला तर धार आहे, तो मणी नको. ती धार इलास्टिक कापते आणि रेशीमही कापते. मात्र गाठवलेल्या सरात एक जागा तुटली तरी जास्तीत जास्त एक मणी घरंगळतो, सतरा जागेवर राहतात.

दोऱ्याच्या टिकाऊपणाबद्दल कुणी शंका काढली की मी आमच्या बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांचा गालिचा पुढे करतो. १८६० च्या दशकात त्यांनी तो मदिनेसाठी करवून घेतला, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसऱ्याचे मोती शिवून. तो मदिनेला गेलाच नाही. २००९ साली दोह्याच्या लिलावात गेला तेव्हा त्याचं वय दीडशेच्या घरात होतं. मान्य, तो गालिचा घेऊन कुणी स्कूटर चालवत नव्हतं.

तिसरा पर्याय अंगठी किंवा पेंडंटचा, तो थोडक्यात उरकतो. घडियाळी पोळमध्ये चांदीच्या कोंदणात दोन वेगळे खडे शेजारी बसवून देतात, काम सुबक असतं. पण पेंडंट शर्टाच्या आत जातं आणि दिसत नाही, मग आठवण कोण करणार? अंगठीत मऊ खडा घालायचा असेल तर कोंदण चारी बाजूंनी बंद घ्या, नख्यांचं नको. आणि तिथे खड्यांची अदलाबदल म्हणजे नवा दागिनाच. ज्यांची जोडी आयुष्यभरासाठी ठरली आहे त्यांनी जावं.

दुसऱ्या कुणाचा अनुभव उलटा असू शकतो. हात कोरडा, मनगट गुळगुळीत, सगळे मणी एकाच जातीचे असतील, म्हणजे ॲमेथिस्ट, रोज क्वार्ट्झ आणि स्फटिक असे, तर इलास्टिक वाईट नाही, आणि दीडशे रुपये वाचतात. मिश्र खडे, रोजचा वापर आणि घाम असेल तर मी पटव्याकडेच जाईन. गेलोच.

तसंच एक इलास्टिकचं ब्रेसलेट नव्या मण्यांचं ओवून मुलीला दिलं. ती रोज घालते. केस ओढले जात नाहीत, तक्रार काही नाही. परवा म्हणत होती की मध्ये दोन मोती घातले तर जास्त छान दिसेल. मी अजून तिला काही बोललेलो नाही.