विहीर की तरणतलाव?
मी पोहायला शिकले विहिरीत. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा, कमरेला दोर, काठावर दोर धरून मामा. पाय टेकायला जागाच नव्हती, त्यामुळे आठ दिवसांत हातपाय मारू लागले. पण धाकटा भाऊ पहिल्याच उडीत इतका घाबरला, की पुढे कित्येक वर्षं पाण्याजवळ गेला नाही.

म्हणून पाच वर्षांच्या लेकीला तलावावर घातलं. कमरेएवढं पाणी, जीवरक्षक हजर. आधी तोंड बुडवून बुडबुडे काढायचे, मग कठडा धरून पाय मारायचे. वेळ लागतो, पण भीती बसत नाही.

तरी तलावात पोहणारं मूल नदीत सुरक्षित नसतं. तिथे ओढ असते, गाळ असतो. दंडातले फुगेही निसटतात, ते लाइफ जॅकेट नव्हे. लेक पाण्यात असली की मी हात पोचेल इतक्या जवळ असते, फोन पिशवीत.