बीजाणूनाशकांची पारख: क्लीनरूमसाठी कोणते, रुग्णालयासाठी कोणते

बीजाणूनाशक, म्हणजे जिवाणूंचे चिवट बीजाणू मारणारे द्रावण, विकत घेताना बहुतेक खरेदी विभाग आधी टक्केवारी विचारतात आणि मग दर. माझ्या मते सर्वांत आधी हे विचारायला हवे की, हे द्रावण आमच्या भिंतीवर, आमच्या हवेत किती मिनिटे ओले राहते आणि तेवढ्या वेळात बीजाणू खरोखर मरतात का. निर्जंतुक इंजेक्शने बनवणाऱ्या कारखान्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करताना आणि पुढे रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीत बसताना मी जी द्रावणे वापरली किंवा वापरताना पाहिली, त्यांचे हे परीक्षण याच प्रश्नाला धरून केले आहे. परअॅसिटिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे तयार मिश्रण, चांदीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायपोक्लोराइट हे आपल्याकडे सहज मिळणारे तीन पर्याय आहेत. ग्लुटाराल्डिहाइडचाही थोडा विचार करावा लागेल, कारण ते अजून अनेक ठिकाणी चुकीच्या कामासाठी वापरले जाते.

बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम गटांतील जिवाणू प्रतिकूल काळात जो बीजाणू बनवतात, त्याच्या गाभ्यात पाणी फार कमी आणि कॅल्शियम डायपिकोलिनेट हा क्षार भरपूर असतो, डीएनए विशिष्ट प्रथिनांनी झाकलेला असतो आणि बाहेर प्रथिनांची जाड आवरणे असतात. त्यामुळे सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा क्वाटर्नरी अमोनियम संयुगे साध्या जिवाणूंना काही मिनिटांत मारत असली, तरी बीजाणूला ती इजा करू शकत नाहीत. बीजाणू अल्कोहोलमध्ये जिवंत राहतात, म्हणूनच क्लीनरूमसाठीचे (धूळ आणि जंतू नियंत्रित ठेवलेल्या उत्पादन-खोलीसाठीचे) अल्कोहोल ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यावे लागते. ही आवरणे भेदण्याचे काम प्रामुख्याने ऑक्सिडीकरण करणारी रसायने करतात, आणि वरचे तिन्ही पर्याय त्याच कुळातले आहेत.

पहिला पर्याय परअॅसिटिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तयार मिश्रणाचा. या वर्गातले परिचित उदाहरण म्हणजे स्पोर-क्लेन्झ. त्याच्या पातळ न करता वापरायच्या प्रकारात साधारण एक टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ०.०८ टक्के परअॅसिटिक अॅसिड असते. हे आकडे पाहून नवखा खरेदीदार बिचकतो, कारण शेजारच्या विक्रेत्याच्या डब्यावर अकरा टक्के पेरॉक्साइड लिहिलेले असते. परंतु परअॅसिटिक अॅसिड हे पेरॉक्साइडपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात बीजाणू मारते, दोन्ही एकत्र असता त्यांची मारकता आणखी वाढते, आणि रक्तात किंवा जिवाणूंत असणारे कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करत असले तरी परअॅसिटिक अॅसिडचे करत नाही. काम संपल्यावर त्याचे अॅसेटिक अॅसिड, पाणी आणि ऑक्सिजन होते. ए आणि बी या सर्वांत कडक स्वच्छतेच्या श्रेणींच्या क्लीनरूमसाठी मी विचार न करता याच वर्गाचे नाव घेईन, आणि तेही निर्जंतुक केलेल्या, दुहेरी पिशवीत येणाऱ्या तयार बाटल्यांचे. युरोपीय जीएमपीचे (औषधनिर्मितीच्या नियमांचे) अॅनेक्स १ हे परिशिष्ट २०२२ मध्ये सुधारले गेले आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. या दोन श्रेणींत वापरायची जंतुनाशके वापरण्यापूर्वीच निर्जंतुक असली पाहिजेत, एकाहून अधिक प्रकारची जंतुनाशके वापरली पाहिजेत आणि ठरावीक काळाने बीजाणूनाशकही वापरले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचे २००४ चे मार्गदर्शनही बीजाणूनाशकाचा लेखी वेळापत्रकात समावेश करण्यास सांगते. वेर्णा, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून निर्यात करणाऱ्या कारखान्यांना या दोन्ही अपेक्षा टाळता येत नाहीत.

या मिश्रणाचे दोषही मोठे आहेत. वास तिखट असतो, डोळे चुरचुरतात, आणि बंद खोलीत छतापासून जमिनीपर्यंत मॉप फिरवणाऱ्या माणसाला त्याचा त्रास खरोखर होतो. अमेरिकेतील एसीजीआयएच या कामगारांच्या आरोग्याशी संबंधित संस्थेने हवेतील परअॅसिटिक अॅसिडसाठी पंधरा मिनिटांची मर्यादा ०.४ पीपीएम (दशलक्षात ०.४ भाग) इतकी कमी ठेवली आहे. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी आम्लवायूंचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल लागतो. बीजाणूनाशकाच्या अंदाजपत्रकात या दोन वस्तू नसतील तर ती खरेदी अपुरी आहे, असे मी मानतो. शिवाय पितळ, तांबे आणि साधे लोखंड यांना हे द्रावण खाते. ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टील मात्र ते चांगले सोसते, पण नंतर डब्ल्यूएफआयने (इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याने) किंवा निर्जंतुक अल्कोहोलने पुसून उरलेला अंश काढावा लागतो. बाटलीतून सतत थोडा ऑक्सिजन निघत असल्याने झाकणाला वायू सुटण्याची सोय असते, म्हणून ती उभीच ठेवायची, आडवी रचायची नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात हा माल ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय.

दुसरा पर्याय, चांदीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड, आपल्या रुग्णालयांत सर्वांत जास्त दिसतो. इकोशील्डसारख्या उत्पादनात अकरा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ०.०१ टक्के सिल्व्हर नायट्रेट असते आणि ते पाण्यात पातळ करून वापरले जाते. वास जवळजवळ नाही, अवशेष कमी, आणि ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) सिस्टर व मावशी ते तक्रार न करता वापरतात, हा गुण मी कमी लेखत नाही. जे द्रावण लोकांना सोसवते तेच पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ वापरले जाते. परंतु एक मोजणी इथे प्रत्येकाने करावी. अकरा टक्क्यांचे द्रावण दहापटीने पातळ केले की पेरॉक्साइड जेमतेम एक टक्का उरते, आणि परअॅसिटिक अॅसिडची सोबत नसलेल्या एक टक्का पेरॉक्साइडकडून बीजाणूंच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे विक्रेत्याने ‘स्पोरिसायडल’ असे म्हटले की लगेच विचारावे: किती पातळ करून, किती मिनिटांत, कोणत्या बीजाणूवर? पातळ न केलेल्या द्रावणाची चाचणी दाखवून पातळ द्रावण विकणे, हा प्रकार मी माहितीपत्रकांत पुष्कळदा पाहिला आहे.

चाचणीचे प्रमाणपत्र नीट वाचणे हीच या खरेदीतली खरी मेहनत आहे. ईएन १३७०४ ही युरोपीय चाचणी उद्योगक्षेत्रासाठी आहे. तिच्यात बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू हजारपटीने कमी व्हावे लागतात, परंतु मूळ अटीत त्यासाठी तब्बल साठ मिनिटे दिलेली असतात, आणि तेही द्रवात तरंगणाऱ्या बीजाणूंवर. ‘ईएन १३७०४ उत्तीर्ण’ एवढेच वाचून समाधान मानणाऱ्याच्या लक्षात हे येत नाही की, त्याच्या क्लीनरूममध्ये ताशी वीसहून अधिक वेळा हवा बदलते आणि मॉप फिरवलेली भिंत काही मिनिटांतच कोरडी होते. रुग्णालयासाठी ईएन १७१२६ अधिक उपयोगी आहे, कारण तिच्यात क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल (सी. डिफिसिल) या जुलाब घडवणाऱ्या, बीजाणू बनवणाऱ्या जिवाणूचा समावेश आहे आणि घट दहा हजारपटीची मागितली जाते. तीही चाचणी द्रवातलीच असल्याने पृष्ठभागावरची वेगळी चाचणी मागावीच. बुरशीचे बीजाणू मारल्याचा दाखला देऊन जिवाणूंच्या बीजाणूंचा दावा केला असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा. या दोन गोष्टींच्या चिवटपणात फार अंतर आहे.

कारखान्यात मात्र विक्रेत्याचा कागद कितीही चांगला असला तरी स्वतःची कूपन चाचणी करावी लागते. स्टेनलेस स्टील, इपॉक्सी, व्हिनाइल, काच, पॉलिकार्बोनेट असे आपल्या खोलीत प्रत्यक्ष असलेले पृष्ठभाग छोट्या तुकड्यांत घेऊन त्यांवर बीजाणू वाळवायचे, ठरलेल्या मिनिटांसाठी द्रावण द्यायचे, मग ते निष्प्रभ करून उरलेले बीजाणू मोजायचे. यूएसपी या अमेरिकी औषधसंहितेच्या १०७२ या प्रकरणात पृष्ठभागावरील बीजाणूंसाठी किमान शंभरपट आणि साध्या जिवाणूंसाठी हजारपट घट अपेक्षिली आहे. या चाचणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते निष्प्रभ करण्याच्या टप्प्याकडे. सोडियम थायोसल्फेट किंवा कॅटालेज योग्य प्रमाणात नसेल तर द्रावण जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात जाऊनही मारत राहते आणि निकाल खोटा चांगला दिसतो. आपल्याच खोलीच्या निरीक्षणात सापडलेले बॅसिलस चाचणीत घेतले पाहिजेत, कारण प्रयोगशाळांच्या संग्रहातल्या प्रजातींपेक्षा ते बहुधा अधिक चिवट असतात. जुना, ओरखडे पडलेला इपॉक्सीचा तुकडाही घ्यावा, असे मी नेहमी सुचवतो. नव्या चकचकीत तुकड्यावर बहुतेक द्रावणे उत्तीर्ण होतात.

तिसरा पर्याय सोडियम हायपोक्लोराइटचा. कोविडच्या काळात एक टक्क्याचे हायपोक्लोराइट गावोगावच्या दवाखान्यांत पोचले आणि त्याचा वास आता सर्वांना ओळखीचा आहे. रुग्णालयात सी. डिफिसिलचा रुग्ण असलेल्या खोलीसाठी मी आजही हेच निवडेन. सुमारे पाच हजार पीपीएम क्लोरीन असलेले ताजे द्रावण दहा मिनिटांत हे बीजाणू मारते, आणि जिल्हा रुग्णालयाला परवडणारा दुसरा तोडीचा पर्याय नाही. चार टक्क्यांचे हायपोक्लोराइट असेल तर एका भागात सात भाग पाणी घातले की ही तीव्रता मिळते. अडचण अशी की, कॅनवर छापलेले चार टक्के उन्हात आणि उष्णतेत झपाट्याने घटतात, म्हणून माल थोडा आणि वारंवार मागवावा, गडद कॅनमध्ये सावलीत ठेवावा, द्रावण रोज नवे करावे आणि क्लोरीनच्या पट्टीने तपासावे. रक्त, विष्ठा, धूळ यांवर क्लोरीन खर्च होऊन जाते, त्यामुळे आधी डिटर्जंटने धुणे आणि मग हायपोक्लोराइट हा क्रम मोडता कामा नये. स्वच्छतागृहात आम्लयुक्त क्लीनर टाकून त्यावर हायपोक्लोराइट ओतले की क्लोरीन वायू सुटतो. सफाईचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट त्याच्या भाषेत, प्रत्यक्ष दोन्ही बाटल्या दाखवून शिकवलीच पाहिजे. क्लीनरूममध्ये मात्र क्लोराइडमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि क्षारांचा पांढरा थर राहतो, म्हणून तिथे मी ते टाळतो.

सी. डिफिसिलच्या बाबतीत हातांचा मुद्दाही जोडूनच येतो. पृष्ठभाग कितीही नीट पुसला आणि हातांना फक्त अल्कोहोलचे सॅनिटायझर लावले तर बीजाणू हातांवरून पुढे जातातच. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे.

ग्लुटाराल्डिहाइड बीजाणू मारते हे खरे, पण दोन टक्क्यांच्या द्रावणाला उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी दहा तास लागतात. टेबल किंवा भिंत दहा तास ओली राहत नाही. शिवाय ते श्वसनमार्गाला दम्यासारखा त्रास देणारे रसायन आहे. पृष्ठभागांसाठी ते बंद करावे. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेट मिसळून ओटी रात्रभर बंद ठेवण्याची जुनी प्रथाही आता संपली पाहिजे. फॉर्मेलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडला आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे.

फॉर्मेलिनच्या जागी पेरॉक्साइडचे धुके सोडणारे फॉगर आले, पण त्यांच्याबद्दलचा विश्वास मात्र जुन्या फ्युमिगेशनचाच राहिला. फॉगर सुरू केला, दार लावले, म्हणजे खोली निर्जंतुक झाली, ही समजूत मला धोकादायक वाटते. थेंब गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात, टेबलाच्या खालच्या बाजूला आणि दिव्याच्या सांध्यात पोचत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००८ च्या मार्गदर्शनात रुग्णसेवेच्या भागांत नेहमीची बाब म्हणून फॉगिंग करू नये असेच सांगितले आहे. बाष्परूप हायड्रोजन पेरॉक्साइडची यंत्रणा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तापमान, आर्द्रता आणि वायूचे प्रमाण मोजले जाते आणि जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूच्या चिवट बीजाणूंचे दर्शक ठेवून निकाल तपासला जातो. फॉगरच्या किमतीत आणि फॉगरच्या कागदावर तो दर्जा मागू नये.

वापराबद्दल एवढेच सांगेन की, मॉप मारण्याची पद्धत द्रावणाइतकीच महत्त्वाची आहे. वरून खाली, आतून दाराकडे, स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत जायचे आणि मॉप पुन्हा मागे न्यायचा नाही. घड्याळ लावून पृष्ठभाग खरोखर किती वेळ ओला राहतो ते पाहावे, आणि तो लेबलवरील मिनिटांपेक्षा आधी वाळत असेल तर दुसऱ्यांदा ओला करावा. हे साधे निरीक्षण कोणत्याही महागड्या द्रावणापेक्षा जास्त फरक घडवते. क्लीनरूममध्ये बीजाणू येतात ते मुख्यतः पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, चाकांतून आणि बुटांतून, म्हणून खोके बाहेरच फोडून माल आत घेतला तर आठवड्याच्या बीजाणूनाशकावरचा भार कमी होतो. जंतुनाशके आलटून पालटून वापरल्याने प्रतिकारक्षमता रोखली जाते, असे कारण अनेक कार्यपद्धतींत लिहिलेले असते. मला ते पटत नाही. रोजचे सौम्य द्रावण बीजाणू मारत नाही, म्हणून बीजाणूनाशक लागते, आणि ते रोज वापरले तर माणसे आणि धातू दोघांनाही सोसत नाही, म्हणून ते ठरावीक दिवशी येते.

छोट्या नर्सिंग होमने या तिन्हींतले काय घ्यावे, असे मला वारंवार विचारले जाते. मी रोजच्यासाठी डिटर्जंट आणि साधे जंतुनाशक, जुलाबाच्या संशयित रुग्णानंतर ताजे हायपोक्लोराइट, आणि धातूची नाजूक उपकरणे असलेल्या ओटीसाठी परअॅसिटिक अॅसिड असलेले तयार वाइप किंवा द्रावण असे सुचवतो. चांदीयुक्त पेरॉक्साइड आधीच घेतले असेल तर ते वाया घालवू नये. बीजाणूंचा दावा ज्या तीव्रतेवर सिद्ध केला आहे त्याच तीव्रतेने ते वापरावे आणि ती तीव्रता खरेदी आदेशातच मिनिटांसह, बीजाणूच्या नावासह लिहून घ्यावी. त्यावर सही करायला तयार नसलेल्या पुरवठादाराचा दर कितीही कमी असला तरी त्याच्याकडून माल घेऊ नये.