‘ओरिजिनल’ क्रँक सेन्सरच्या नावाखाली माझे ७,२८० रुपये गेले

लिहायला लाज वाटते, कारण प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं मी वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये स्वतःच बदलत आलोय. तरी फसलो.

गाडी २००९ ची, पेट्रोल. इंजिन तापलं की चालता चालता बंद, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. गाडीचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सर; इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा छोटा भाग. जुनी गाडी वापरणाऱ्यांना हे दुखणं माहीत असतं. दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट, वायरचा एक कपलर, अर्ध्या तासाचं काम.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानात, ओरिजिनलचे ३,१५० सांगितले, तेही मागवून, आठ दिवसांनी. मला शनिवारी आईला आणायला साताऱ्याला जायचं होतं. म्हणून मोबाइलवर दिसलेल्या जाहिरातीवर गेलो. हाव नव्हती हो, घाई होती. सेन्सर १,४८०, कुरियर १२०; १,६०० रुपये आगाऊ, यूपीआयने. ‘कॅश ऑन डिलिव्हरी आज बंद आहे सर.’ इथेच फोन ठेवायला हवा होता.

बिलावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. मी ऑफिसात दिवसभर बिलंच तपासतो. घरी आलेलं बिल मात्र उलटून पाहिलं नाही. तुम्ही आधी ते दोन आकडे बघा, पैसे नंतर.

पण मला जाळतो तो क्षण वेगळाच. जुना आणि नवा सेन्सर शेजारी ठेवून मी गाडीपाशी बसलो होतो. जुन्यावर नंबर प्लास्टिकमध्येच उठवलेला. नव्यावर स्टिकर, नखाने खरवडला तर सुटून आला. जुन्याचं चुंबक पाना ओढून धरत होतं, नव्याला लावलेला पाना लगेच गळून पडत होता. हे सगळं मला दिसलं. दिसूनही ‘नवीन लॉट असेल’ म्हणत बसवला. बायको म्हणाली, “अहो, हा फारच हलका लागतोय.” मी तिच्यावर खेकसलो.

शनिवारी खंबाटकीच्या चढावर इंजिन गेलं. मागे ट्रक, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा घट्ट. कशीबशी कडेला घेतली. टोइंगचे ४,५०० गेले आणि आई साताऱ्यात वाट बघत राहिली. घरी आल्यावर तो नवा सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवून मल्टिमीटर लावला. थंड असताना रीडिंग येत होतं, तापल्यावर सर्किट उघडं, म्हणजे आतली जोडणीच तुटत होती. बसवण्याआधी दहा मिनिटं दिली असती तर? मल्टिमीटर कपाटातच होता.

विक्रेत्याने परतावा कबूल केला, पण ‘रिफंड फाइल’साठी १,१८० भरा, एकत्रच परत येतील. भरले. १,६०० वाचवायच्या नादात भरले. त्या रात्रीपासून नंबर बंद. परताव्यासाठी कुणीही आधी पैसे मागितले, की तो चोरच समजा.

चौकीत गेलो तर, “वस्तू मिळाली ना? मग ही ग्राहक तक्रार झाली.” सायबर कक्षात म्हणाले, आधी चौकीचा अर्ज आणा. अर्ज नेला तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला, “एवढ्याशा रकमेसाठी कशाला धावपळ करता?” एवढीशी! असे रोज किती जण एवढ्याशाला लुबाडले जात असतील? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. कुरियरवाला पाठवणाऱ्याचा पत्ता देत नाही, पोलिसांचं पत्र मागतो. पोलीस पत्र देत नाहीत. तीन अर्ध्या रजा गेल्या आणि हातात फक्त एक पोचपावती आली.

पैसे गेले की आधी लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी कळवलं तरच ती गोठण्याची आशा असते. मी चार दिवस विक्रेत्याच्या ‘उद्या करतो सर’वर बसून राहिलो. मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. नवा भाग बसेपर्यंत जुना भंगारात देऊ नका, तुलना त्याच्याशीच करता येते.

शेवटी नाना पेठेतच ३,१५० मोजले, पक्कं बिल घेतलं आणि सेन्सर काउंटरवरच जुन्याशी ताडून पाहिला. नकली सेन्सर खोक्यासकट जपून ठेवलाय. चौकीत दोनदा टेबलावर ठेवला, कुणी हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव बदललंय, खोक्याचा फोटो तोच आहे.