ऑस्ट्रेलियाचा बालअत्याचार चौकशी अहवाल: आश्रमशाळावाल्यांनी आठवा खंड आधी उघडावा

संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने) 2013 ते 2017 या काळात केली. आठ हजारांहून जास्त जणांनी आयोगाला खासगीत आपली हकिगत सांगितली. 17 खंडांचा इंग्रजी अहवाल संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतो. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांचे अधीक्षक आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयातून तपासणीला जाणारे, दोघांच्याही कामाचा आहे. मात्र पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर दुसऱ्या खंडातच दमाल.

आधी आठवा घ्या. तो नोंदींवर आहे आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा. कारण चौथ्या खंडात सापडतं: आयोगाशी बोललेल्यांना पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला सरासरी 23.9 वर्षं लागली. तोवर रजिस्टरं रद्दीत गेली, तर त्या रात्री वसतिगृहात ड्युटी कोणाची होती हेसुद्धा शाबीत होत नाही. म्हणून अत्याचाराच्या, नुसत्या आरोपाच्याही, नोंदी किमान 45 वर्षं जपा अशी शिफारस आहे. आजारपणाच्या रजिस्टरात ‘पोटदुखी, गोळी दिली’ एवढ्यावर पान उलटलं तर जपूनही उपयोग नाही. तारीख, वेळ, मूल कोणाजवळ बोललं, काय बोललं (कोकणा बोलीत बोललं असेल तर तसंच), पुढे कोणाला किती वाजता कळवलं, आणि सही. रात्रपाळीचा तक्ता त्याच फाइलला जोडा. फाइल कुलपात ठेवा.

सहाव्यातली मुलांच्या सुरक्षिततेची दहा मानकं आणि तेराव्यातला निवासी शाळांचा भाग सवडीने वाचला तरी चालेल.

सातवा मात्र जपून. तक्रार कळवण्याचे तिथले नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते उचलून आपल्या परिपत्रकात घालू नका. आपल्याकडे पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं) कलम 19 स्पष्ट आहे: गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. ‘आधी संस्थेत चौकशी करू’ म्हणून थांबायला त्यात जागाच नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 14 नोव्हेंबर 2012 पूर्वीच्या घटनांना पॉक्सो लागत नाही, तिथे जुनी भारतीय दंड संहिता बघावी लागते. ते काम वकिलाचं.

एक मोठी गैरसोय: नुकसानभरपाई (2015) आणि फौजदारी न्याय (2017) हे अहवाल या 17 खंडांच्या बाहेर, स्वतंत्र आहेत. एकूण 409 शिफारशी एकत्र हव्या असतील तर शिफारशींची वेगळी पुस्तिका उतरवून घ्या.