बाल्कनीतली कबुतरं: जाळी की काटे?

घोडबंदर रोडवर काय किंवा खारघरला काय, उंच इमारतीत हा पेच ठरलेलाच. कबुतरं दूर राहावीत, पण त्यांना इजा होऊ नये, हे धरूनच दोन्हीकडे बघू.

खर्च जाळीला जास्त. अख्खी बाल्कनी झाकावी लागते. काटे म्हणजे उभ्या टोकांच्या पट्ट्या, त्यांना फक्त कठडा पुरतो.

इजेचं म्हणाल तर खरा धोका सैल जाळीचा. झोळ पडला की पाय, पंख अडकतात आणि पक्षी तडफडून मरतो. म्हणून दोन इंची भोकांची जाळी चारही बाजूंनी तारेवर ताणून घ्या. हुक स्टीलचे, कारण खाडीच्या हवेत लोखंड गंजतं. काटे बोथट टोकाचेच हवेत. ते ओल्या कठड्यावर चिकटत नाहीत, आणि विरळ बसवले तर कबुतर त्यातच काड्या रचतं.

आधी एसीमागे वाकून बघा. अंडी असतील तर थांबा: उबवायला साधारण अठरा दिवस, पिल्लू उडायला आणखी महिनाभर. आत जिवंत पिल्लू कोंडून जाळी ठोकणं ही क्रूरताच.

बाल्कनी वापरात असेल तर जाळी. नुसता कठडा किंवा खिडकीचा छज्जा असेल तर काटे पुरतात.