दहा एकक दशकापेक्षा लांब! दशमान ठोकळ्यांचं किट वापरल्यावर

दहा एकक म्हणजे एक दशक, ह्या एका गोष्टीसाठी हे किट घेतात आणि आमच्या किटमध्ये नेमकी तीच गोष्ट चुकलेली निघाली. प्लास्टिकचे ठोकळे असतात: एककाचा छोटा सुटा ठोकळा, दहा एककांएवढी दशकाची कांडी, दहा कांड्यांएवढी शतकाची पाटी आणि दहा पाट्यांएवढा हजाराचा मोठा ठोकळा. साडेआठशे रुपये मोजलेत मी, आणि आमच्या घरात साडेआठशे म्हणजे थोडे नव्हेत.

मुलगी तिसरीत, इथंच बेळगावात सरकारी मराठी शाळेत. पहिली ते तिसरी नली-कली (कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली खेळत शिकायची पद्धत) असल्यानं हातानं करून शिकायची सवय आहेच, घरीही तसंच चालू ठेवायचं होतं. बेरजा मस्त झाल्या. अडलं ते वजाबाकीला. 52 मधून 27 काढायचे तर एक दशक देऊन दहा सुटे एकक घ्यायला लागतात. तिनं दहा एकक ओळीत लावून शेजारी दशकाची कांडी ठेवली, तर ओळ पुढं आलेली. "आई, हे जास्त आहे की गं, मग बदलून कसं घ्यायचं?" बरोबरच आहे ना तिचं! अदलाबदल बरोबरीचीच पाहिजे हे आपणच शिकवतोय.

माझा दीर इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये असतो, त्यानं व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावलं. कांडी बरोबर 100 मिमी, एकक 10.2 मिमी. एकट्या ठोकळ्यात काही कळत नाही, पण दहात 2 मिमी वाढतात आणि शतकाच्या पाटीवर शंभर एकक रचायला गेलं तर बसतच नाहीत. "वहिनी, असला जॉब आमच्यात रिजेक्ट करतात," म्हणाला. जॉब म्हणजे मशीनवर केलेला नग.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, ताई, पोरांच्या खेळण्यात एवढं कोण बघतंय. अहो पोरंच बघतात! लई वाद घातल्यावर एककांचं दुसरं पाकीट पाठवलं, ते पण त्याच साच्यातलं, परत 10.2. पैसे काही परत देईनात.

मग वजाबाकीपुरत्या आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून. जुडी सोडली की तेच दहा सुटे होतात, बदलून घ्यायची भानगडच नाही. वजाबाकीला काड्याच चांगल्या, हे माझं मत आता पक्कं आहे. किट माळ्यावर टाकणार होते.

पण गुणाकार सुरू झाला आणि मत बदलावं लागलं. 12 गुणिले 13 चा आयत (एक बाजू 12, दुसरी 13) ठोकळ्यांनी मांडला: एक शतक, पाच दशक, सहा एकक, झाले 156. चार तुकडे डोळ्यासमोर दिसतात, 100, 30, 20 आणि 6. कागदावर दुसरी ओळ एक घर सोडून का लिहितात ते तिला तिथंच कळलं, मला शाळेत कुणी हे असं दाखवलं नव्हतं. एकक सहाच लागतात म्हणून फरकही दिसत नाही. काड्यांनी हा आयत मांडून बघा, जमत नाही.

दिरानं वीसेक एकक एका बाजूनं पॉलिश पेपरवर घासून दिलेत, त्या बाजूला पेनानं टिंब केलंय, टिंबं एका दिशेला लावली की दहा बरोबर कांडीएवढे भरतात. आता वजाबाकीलाही चालतात, पण हे काम बनवणाऱ्याचं होतं, आमचं नव्हे. पाचपैकी तीन, ते पण गुणाकारासाठी. दुकानात घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दहा एकक कांडीला लावून बघा. विक्रेत्याला मापाचे फोटो पाठवलेत, साचा दुरुस्त करा म्हणून, उत्तर अजून नाही.