धबधब्याच्या ट्रेकला ऑफलाइन मॅप अ‍ॅप वापरलं, ४ स्टार

मागच्या रविवारी आईला घेऊन जंगलातल्या धबधब्याला जाऊन आलो, सगळं प्लॅनिंग या अ‍ॅपवरच केलं. आदल्या रात्री वायफायवर मॅप डाउनलोड करून ठेवला होता, त्यामुळे झाडीत शिरल्यावर रेंज गेली तरी निळा ठिपका बरोबर वाटेवरच सरकत होता, जीपीएसला नेट लागतच नाही ना, फोन डायरेक्ट सॅटेलाइटचा सिग्नल पकडतो. कंटूर लाइन्स (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तर मस्तच, जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे खडा चढ, हे घरीच कळलं म्हणून आईला झेपेल अशी थोडी लांबची पण सोपी वाट निवडता आली.

वेळेचा अंदाज मात्र अ‍ॅपवर सोडू नका, ते नुसतं अंतर धरतं. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम लावा, ५ किमीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला वर १ तास, शिवाय थांबण्याचा वेळ वेगळा.

एक स्टार कापला कारण बॅटरी फार खातं, एरोप्लेन मोड टाकल्यावर जरा टिकली. आणि तुषारांनी बोटं ओली झाली की स्क्रीन ऐकतच नाही, छोटा रुमाल कोरडा ठेवा. वरच्या अंगाला पाऊस झाला तर खाली पाणी एकदम वाढतं, ते कुठलंच अ‍ॅप सांगत नाही, पाणी गढूळ दिसलं की लगेच बाहेर या.